बारा विरुद्ध अकरा : सुबिकच्या तळाची गोष्ट

१९७१ सालचा डिसेंबर. मी बारा वर्षांचा होतो. दादरला आमच्या चाळीत खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले होते आणि संध्याकाळ झाली की सगळे बिऱ्हाड रेडिओभोवती गोळा व्हायचे. ढाक्याकडे आपली फौज सरकत होती. अशातच बातमी आली की, अमेरिकेचे सातवे आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाले आहे. ‘एंटरप्राइज’ नावाची अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका त्यात आहे. वडील गंभीर झाले. शेजारचे काका म्हणाले, आता रशिया काय करतो ते बघायचे. आजी मात्र तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “सातवं म्हणजे? आधीची सहा कुठं ठेवलीत त्यांनी?”

सगळे हसले. मीही हसलो. पुढे इतिहास शिकवायला लागलो तेव्हा लक्षात आले की, आजीचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. आपल्या घरापासून दहा-बारा हजार किलोमीटरवर एवढे मोठे आरमार ठेवायचे तर ते ठेवायचे कुठे? त्याला तेल कुठे भरायचे, बिघडलेले जहाज दुरुस्त कुठे करायचे, खलाशांना सुट्टी कुठे द्यायची? या प्रश्नांचे त्या काळातले सर्वांत मोठे उत्तर होते सुबिक. फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा एक खोल, तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेला उपसागर. आज आशियात अमेरिका असावी की नसावी, ती नसेल तर चीन काय करील, हा वाद टोकियोपासून दिल्लीपर्यंत चालू आहे. हा वाद एका देशाने आपल्या संसदेत प्रत्यक्ष मत टाकून सोडवण्याचा प्रयत्न केला होता. त्या मताची आणि त्यानंतर काय झाले त्याची गोष्ट मला आज सांगायची आहे.

सुबिक ज्या झांबालेस प्रांतात आहे, तिथलाच एक माणूस मराठी घरांना नावाने ओळखीचा आहे. विनोबांना १९५८ साली, बाबा आमटे यांना १९८५ साली आणि पुढे प्रकाश व मंदाकिनी आमटे यांना २००८ साली जो पुरस्कार मिळाला तो रामोन मॅगसेसे यांच्या नावाचा. मॅगसेसे झांबालेसचे. १९५३ साली ते फिलिपिन्सचे अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि १९५७ च्या मार्च महिन्यात विमान अपघातात गेले. साधे, लोकांत मिसळणारे आणि अमेरिकेचे पक्के मित्र. हे नाव लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा येणार आहे, आणि जरा अवघड जागी येणार आहे.

अमेरिका फिलिपिन्समध्ये आली ती १८९८ साली. स्पेनशी तिचे युद्ध जुंपले होते क्यूबावरून, पण त्या युद्धाची पहिली मोठी लढाई झाली १ मे रोजी मनिलाच्या उपसागरात. कमोडोर ड्यूई यांनी स्पेनचे जुनाट आरमार काही तासांत बुडवले. वर्षअखेरीस पॅरिसला तह झाला आणि स्पेनने २ कोटी डॉलर घेऊन अख्खा द्वीपसमूह अमेरिकेच्या हवाली केला. फिलिपिनो क्रांतिकारकांनी त्याआधीच स्वातंत्र्य जाहीर केले होते, ते कोणी मोजलेच नाही. मग तीन वर्षे रक्तरंजित लढाई झाली आणि ती अमेरिकेने जिंकली. शाळा आल्या, इंग्रजी आली, निवडणुका आल्या आणि सुबिकला नौदलाचा तळ आला. त्या तळाची पायाभरणी स्पेनने आधीच करून ठेवली होती.

४ जुलै १९४६ रोजी फिलिपिन्स स्वतंत्र झाला. दुसऱ्या महायुद्धात मनिला शहर जवळजवळ जमीनदोस्त झाले होते, तिजोरीत काही नव्हते, आणि पुनर्बांधणीचा पैसा अमेरिकेकडून यायचा होता. अशा अवस्थेत १९४७ च्या मार्चमध्ये तळांचा करार झाला. मुदत ९९ वर्षांची. नव्या स्वतंत्र देशाने आपल्या भूमीचे तुकडे जवळपास शंभर वर्षांसाठी लिहून दिले. पुढे १९६६ साली ही मुदत कमी करून २५ वर्षांवर आणली गेली आणि त्यामुळेच १९९१ हे साल दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहिले गेले. शिवाय १९५१ साली परस्पर संरक्षणाचा वेगळा करार झाला होता. तळांचा करार वेगळा आणि संरक्षणाचा करार वेगळा, हा फरक आपल्याला पुढे लागेल.

सुबिकचा विस्तार जवळपास सिंगापूरएवढा. आत गोल्फची मैदाने, शाळा, चित्रपटगृहे आणि राखलेले जंगल. क्यूबी पॉइंटला धावपट्टीसाठी डोंगर कापून समुद्रात भर घातली होती. लुझॉनच्या आतल्या भागात, आंखेलेस शहराला लागून क्लार्क हा हवाई दलाचा प्रचंड तळ. व्हिएतनामचे युद्ध पेटले तेव्हा या दोन जागांवरून दारूगोळा, माणसे आणि जखमींची ये-जा अखंड चालू असे. तळांवरची नोकरी ही सरकारच्या खालोखाल देशातली सर्वांत मोठी नोकरी होती. डॉलरमध्ये पगार नसला तरी डॉलरच्या सावलीतला पगार होता. ज्यांच्या घरी चूल त्या पगारावर पेटत होती, त्यांच्याशी सार्वभौमत्वाच्या गप्पा मारणे सोपे नव्हते, हे आपण विसरता कामा नये.

तळाच्या फाटकाबाहेर ओलोंगापो हे गाव होते. १९५९ पर्यंत हे गावसुद्धा अमेरिकन नौदलच चालवत होते. फाटकातून बाहेर पडले की एक घाणेरडा ओढा, त्याच्यावर पूल, आणि पुलापलीकडे दारूचे गुत्ते आणि नाचगाण्याचे बार यांची रांग. पुलावरून खलाशी नाणी फेकत आणि खालच्या घाण पाण्यात पोरे सूर मारून ती शोधत. या रस्त्याचे नाव ‘मॅगसेसे ड्राइव्ह’. प्रामाणिकपणासाठी ज्याच्या नावाने आशियाभर पुरस्कार दिला जातो, त्याचे नाव त्या रस्त्याला होते. नाव देणाऱ्यांनी आदरानेच दिले असणार; रस्त्याचे पुढे काय झाले तो त्यांचा दोष नव्हे.

त्या बारमध्ये हजारो तरुण मुली काम करत, बहुतेक गरीब बेटांवरून आलेल्या. त्यांना अमेरिकन खलाशांपासून मुले झाली आणि जहाजे गेली. १९८२ साली अमेरिकेने कायदा करून आशियातल्या आपल्या सैनिकांच्या मुलांना स्थलांतराचा मार्ग खुला केला. कोरिया, व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया आणि थायलंड ही नावे त्या कायद्यात होती. फिलिपिन्सचे नाव नव्हते. मित्रदेशाच्या वाट्याला हे आले.

गुन्हा कोणी केला आणि खटला कोणी चालवायचा, हेही दुखणे होतेच. १९७६ साली लुपिता अक्विनो या दिग्दर्शिकेने यावर एक चित्रपट काढला. अमेरिकेला जाण्याची स्वप्ने पाहणारी एक परिचारिका, तळाच्या कुंपणाजवळ गोळी लागून मेलेला तिचा धाकटा भाऊ, आणि रानडुक्कर समजून गोळी झाडली असे सांगणारा सैनिक. नोरा औनोर ही तिथली मोठी अभिनेत्री त्यात होती. अक्विनो हे आडनावही लक्षात ठेवा.

सत्तरच्या दशकात मार्कोस यांची हुकूमशाही आली. १९७२ साली त्यांनी लष्करी कायदा पुकारला, संसद बंद केली, विरोधकांना तुरुंगात टाकले, आणि तळांच्या मोबदल्यात वॉशिंग्टनकडून रक्कम वाढवून घेतली. या रकमेला फिलिपिनो लोक ‘भाडे’ म्हणत आणि अमेरिकन ‘मदत’ म्हणत. शब्दांचा हा घोळ शेवटपर्यंत मिटला नाही, कारण भाडे म्हटले की जमीन दुसऱ्याची आहे हे कबूल करावे लागते. बेनिग्नो अक्विनो या विरोधी नेत्याची १९८३ साली मनिलाच्या विमानतळावर हत्या झाली. त्यांची पत्नी कोराझॉन हिच्यामागे देश उभा राहिला आणि १९८६ च्या फेब्रुवारीत लाखो माणसे रस्त्यावर उतरली. मार्कोस पळाले. त्यांना उचलले अमेरिकन हेलिकॉप्टरनी, नेले क्लार्क तळावर आणि तिथून हवाईला. म्हणजे ज्या तळांनी हुकूमशहाला बळ दिले, त्याच तळाच्या दारातून तो निघून गेला. लोकांच्या मनात तळांविषयी राग होता तो केवळ डाव्या विचारांच्या विद्यार्थ्यांपुरता नव्हता, याचे कारण हे आहे.

१९८७ च्या नव्या राज्यघटनेत एक कलम घातले गेले. १९९१ नंतर परदेशी तळ ठेवायचे असतील तर त्यासाठी रीतसर तह हवा आणि सिनेटची मंजुरी हवी. तहाला मंजुरी म्हणजे दोनतृतीयांश मते. सिनेटच्या जागा २४, म्हणजे मते हवीत १६. तळ राखायचे म्हणणाऱ्यांना सोळा जण जमवायचे होते. घालवायचे म्हणणाऱ्यांना नऊ पुरेसे होते.

वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा जगच बदलत होते. बर्लिनची भिंत पडली होती. व्हिएतनाममधल्या काम रान्ह उपसागरात रशियन आरमार होते. गंमत म्हणजे तो तळ मुळात अमेरिकेनेच बांधलेला. तुम्ही फिलिपिन्स सोडा, आम्ही काम रान्ह सोडतो, असे गोर्बाचेव्ह १९८८ साली बोलून गेले होते आणि १९९० पासून ते सैन्य कमीही करू लागले. ज्या शत्रूसाठी सुबिक होते तोच शत्रू आवराआवर करत होता. मग तळ कशासाठी? त्या वेळच्या चर्चांत चीनचे नाव क्वचितच येते. १९९१ मधला चीन तिआनमेननंतर जगाने वाळीत टाकलेला, गरीब, किनाऱ्याजवळचे आरमार बाळगणारा देश होता. पुढे काय होणार हे आपल्याला माहीत आहे, त्यांना नव्हते.

आणि मग निसर्गाने वाटाघाटीत भाग घेतला. क्लार्कच्या पश्चिमेला, तळावरून डोळ्यांना दिसेल इतक्या जवळ पिनाटुबो नावाचा डोंगर होता. पाचशे वर्षे शांत. तो ज्वालामुखी आहे हेही बहुतेकांच्या गावी नव्हते. १९९१ च्या एप्रिलपासून तो धुमसू लागला. १० जूनला क्लार्कवरची सुमारे पंधरा हजार माणसे मोटारींच्या रांगांतून सुबिकला हलवली गेली. १५ जूनला डोंगर फुटला आणि नेमके त्याच दिवशी वादळही लुझॉनवरून गेले. पावसाने राख भिजली, ओल्या राखेच्या ओझ्याने छपरे कोसळली. शेकडो माणसे मेली ती मुख्यतः छपरांखाली. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी हा एक. क्लार्क राखेखाली गेला. दुरुस्तीचा खर्च पाहून अमेरिकेने जुलै महिन्यात क्लार्क सोडायचा निर्णय घेतला.

आता उरले सुबिक. २७ ऑगस्टला नव्या तहावर सह्या झाल्या. आणखी दहा वर्षे मुदत, वर्षाला २० कोटी ३० लाख डॉलर. त्याआधीच्या करारात दोन्ही तळांसाठी वर्षाला ४८ कोटी १० लाख ठरले होते. क्लार्क गेले, रक्कम घसरली. तळ राखायच्या बाजूच्या काही लोकांनाही हा सौदा अपमानाचा वाटला.

कोराझॉन अक्विनो यांची स्थिती विचित्र होती. १९८९ च्या डिसेंबरात लष्करातल्या बंडखोरांनी त्यांच्यावर उठाव केला, तेव्हा क्लार्कवरून उडालेल्या अमेरिकन फँटम विमानांनी मनिलावर घिरट्या घातल्या आणि बंडखोरांची विमाने जमिनीवर राहिली. त्यांचे सरकार वाचले. त्या तहाच्या बाजूने उभ्या राहिल्या. १० सप्टेंबरला सिनेटवर मोर्चा निघाला आणि त्याच्या पुढे चालल्या खुद्द राष्ट्राध्यक्ष. राष्ट्राध्यक्षांनी आपल्याच संसदेवर मोर्चा नेल्याची उदाहरणे इतिहासात फार नाहीत.

१६ सप्टेंबर १९९१. अध्यक्षस्थानी जोविटो सालोंगा. तरुणपणी जपान्यांच्या तुरुंगात राहिलेले, मग हार्वर्ड आणि येलला शिकलेले. १९७१ साली मनिलाच्या प्लाझा मिरांडा चौकात सभेत बाँब फुटला त्यात जबर जखमी झालेले; शरीरात तुकडे आयुष्यभर राहिले. अमेरिकेत शिकलेला, अमेरिकन कायदा कोळून प्यालेला हा माणूस तहाच्या विरोधात होता. विरोधात आणखी कोण कोण होते पाहा. मार्कोस यांचे एकेकाळचे संरक्षणमंत्री एन्रिले. मार्कोसशाहीत बंदीवानांचे खटले लढवणारे वकील रेने सागिसाग. वडिलांपासून राष्ट्रवादाचा वारसा घेतलेले विगबेर्तो तान्यादा. चित्रपटातला नायक जोसेफ एस्ट्राडा. सिनेटमध्ये असतानाच तळांविरोधी चित्रपटात काम केलेला. आणि आगापितो अक्विनो. बेनिग्नो अक्विनो यांचे धाकटे भाऊ, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचे सख्खे दीर. लुपिता, जिचा चित्रपट मी मघाशी सांगितला, ती त्यांची बहीण. वहिनी रस्त्यावर मोर्चा घेऊन निघाली तहासाठी, आणि दीर सभागृहात तहाविरुद्ध मत देऊन मोकळा झाला. एकाच घरातली ही फूट मला या सबंध प्रकरणात सर्वांत खरी वाटते. कारण दोघांपैकी कोणीही विकले गेलेले नव्हते आणि दोघेही मूर्ख नव्हते.

विरोधात बारा, बाजूने अकरा. एक जागा रिकामी होती. पुष्कळ लेखांत मी वाचतो की, एका मताने तळ गेले. तसे नाही. हवी होती सोळा, मिळाली अकरा. पाच मते कमी पडली. हा फरक मी मुद्दाम सांगतो, कारण ‘एका मताने’ म्हटले की तो अपघात वाटतो. तो अपघात नव्हता.

अक्विनो यांनी आधी सार्वमताची, मग तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने माघारीची गोष्ट काढली, पण जमले नाही. २४ नोव्हेंबर १९९२ रोजी सुबिकवरचा अमेरिकन झेंडा उतरला आणि ‘बेलो वुड’ हे शेवटचे जहाज बाहेर पडले. ओलोंगापोचे महापौर रिचर्ड गॉर्डन तळ राहावेत म्हणणाऱ्यांतले. पण ते रडत बसले नाहीत. त्यांनी हजारो स्वयंसेवक बिनपगारी उभे केले, गोदामे आणि यंत्रे लुटीपासून वाचवली आणि तिथे मुक्त बंदर वसवले. १९९६ साली आशिया-प्रशांत देशांच्या प्रमुखांची परिषद त्याच जागी भरली. १९९५ साली फेडेक्स कंपनीने आशियातले आपले मुख्य विमानकेंद्र सुबिकच्या त्या लष्करी धावपट्टीवर आणले. तळाविना उपाशी मरू, हे भाकीत खोटे ठरले. ते केंद्र २००९ साली उठून गेले, ते कुठे? चीनमधल्या ग्वांगझूला. तोवर चीन हा कारखान्यांचा देश झाला होता.

पण १९९५ साली दुसरीही एक गोष्ट घडली. पालावान बेटापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर मिसचिफ नावाचा प्रवाळ खडक आहे. भरतीला पाण्याखाली जाणारा. तिथे लाकडी खांबांवर चिनी बांधकामे उभी असल्याचे फिलिपिन्सला त्या वर्षाच्या सुरुवातीला कळले. चीन म्हणाला, आमच्या कोळ्यांना वादळात आसरा म्हणून बांधलीत. आज त्या आसऱ्याच्या जागी तीन किलोमीटरच्या आसपास लांबीची धावपट्टी आहे.

झेंडा उतरला १९९२ च्या नोव्हेंबरात, चिनी खांब दिसले १९९५ च्या आरंभी. अडीच वर्षेसुद्धा गेली नव्हती. सालोंगा आणि त्यांच्या अकरा सोबत्यांनी चीनला दार उघडून दिले, हा आरोप तेव्हापासून सुरू झाला तो आजतागायत चालू आहे.

मी हा आरोप पुरता मानत नाही. त्याचे कारण तारखांतच आहे. १९७४ च्या जानेवारीत चीनने दक्षिण व्हिएतनामकडून पॅरासेल बेटे लढून घेतली. त्या वेळी सुबिक तुडुंब भरलेले होते आणि दक्षिण व्हिएतनाम अमेरिकेचा मित्र होता. सातवे आरमार हलले नाही. निक्सन नुकतेच चीनशी हात मिळवून आले होते. १९८८ च्या मार्चमध्ये जॉन्सन साउथ या खडकावर चीनने ६४ व्हिएतनामी सैनिक मारले. तेव्हाही सुबिक होतेच. तळावर जहाजे असणे आणि ती जहाजे आपल्यासाठी निघणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ते ठरवणारा माणूस मनिलात बसत नाही. हे आपल्याला १९७१ साली चांगलेच कळले होते, फक्त उलट्या बाजूने.

तरीही या युक्तिवादाने मी स्वतःला पूर्ण पटवू शकलेलो नाही, हेही कबूल करतो. १९७४ आणि १९८८ च्या दोन्ही जागा व्हिएतनामच्या वाट्याच्या होत्या. फिलिपिन्सच्या अंगणात चीन १९९२ पूर्वी आला नाही आणि नंतर आला. झांबालेसच्या किनाऱ्यापासून सुमारे २२० किलोमीटरवर स्कारबरो हा खडकांचा वेढा आहे. सुबिकच्या काळात अमेरिकन वैमानिक तिथे बाँबफेकीचा सराव करत. त्या सरावाच्या दिवसांत कोणी तिथे झेंडा रोवायला गेले नसते, एवढे तरी खरे.

माझ्या मते खरी चूक १९९१ ची नव्हे, त्यानंतरच्या वीस वर्षांची आहे. पहारेकरी घालवला तर कुलूप तरी घ्यायचे! १९९५ साली सैन्याच्या आधुनिकीकरणाचा कायदा झाला. दोन वर्षांत आशियातले आर्थिक संकट आले आणि पैसा आटला. २००५ साली हवाई दलाची शेवटची एफ-५ लढाऊ विमाने निवृत्त झाली आणि मग दहा वर्षे सात हजारांहून अधिक बेटांच्या या देशाकडे एकही लढाऊ जेट नव्हते. सेकंड थॉमस नावाच्या खडकावर हक्क सांगायला त्यांनी १९९९ साली काय केले? ‘सिएरा माद्रे’ हे जुने जहाज मुद्दाम खडकावर चढवून रुतवले. जहाज अमेरिकन बनावटीचे, १९४४ सालचे. व्हिएतनाम युद्ध पाहिलेले. त्या गंजक्या सांगाड्यात मूठभर मरीन सैनिक राहतात. इमारत बांधायला पैसा आणि धैर्य नव्हते, म्हणून भंगार ठेवले.

२०१२ च्या एप्रिलमध्ये स्कारबरोला फिलिपिन्सच्या गस्ती जहाजाला चिनी कोळ्यांच्या नौका सापडल्या. हे गस्ती जहाजही अमेरिकन तटरक्षक दलाने वापरून सोडलेले. चीनची सरकारी जहाजे आडवी आली. दोन महिने दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या. चिनी बंदरांत फिलिपिन्सची केळी तपासणीच्या नावाखाली अडकून सडली. अमेरिकेने मध्यस्थी केली, दोघांनीही मागे हटायचे असे ठरल्याचे सांगितले गेले. फिलिपिन्सची जहाजे जूनमध्ये परतली. चीन राहिला तो राहिलाच. २०२५ च्या सप्टेंबरात तर चीनने तिथे निसर्ग अभयारण्य जाहीर केले.

या वेळी मनिलात अध्यक्ष कोण होते? कोराझॉन आणि बेनिग्नो यांचा मुलगा, धाकटे बेनिग्नो अक्विनो. त्यांनी दोन गोष्टी केल्या. २०१३ साली चीनला आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचले. १२ जुलै २०१६ रोजी निकाल फिलिपिन्सच्या बाजूने लागला आणि चीनने तो कागदाचा कपटा म्हणून बाजूला सारला. आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेशी नवा करार केला. तळ म्हणायचे नाही. फिलिपिन्सच्याच छावण्या, त्यांत अमेरिकनांना वावर आणि साठवणूक. त्याआधीच १९९९ मध्ये अमेरिकन सैनिकांच्या भेटींना परवानगी देणारा करार सिनेटने मंजूर केला होता. तो पुढे रेटणारे अध्यक्ष होते जोसेफ एस्ट्राडा. होय, तेच. बारांपैकी एक.

२०१४ च्या कराराविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत सागिसाग आणि तान्यादा हे दोघे होते. म्हातारपणी पुन्हा तीच लढाई. हा तह आहे, सिनेटपुढे आणा, असे त्यांचे म्हणणे. २०१६ च्या जानेवारीत ते हरले. सालोंगा त्याच वर्षी मार्चमध्ये गेले. त्यांना २००७ साली एक मोठा सन्मान मिळाला होता, तो म्हणजे रामोन मॅगसेसे पुरस्कार. झांबालेसच्या अमेरिकामित्राच्या नावाचा पुरस्कार, झांबालेसमधून अमेरिकेला घालवणाऱ्याला. देणाऱ्यांनी तो दिला आणि घेणाऱ्याने घेतला, हे मला त्या देशाच्या मोठेपणाचे वाटते.

नंतरचे थोडक्यात सांगतो. अध्यक्ष दुतेर्ते चीनकडे झुकले, २०२० साली अमेरिकनांच्या भेटींचा करार मोडण्याची नोटीस दिली, २०२१ साली परत घेतली. २०२२ पासून अध्यक्ष आहेत मार्कोस, हुकूमशहाचे चिरंजीव. २०२३ साली त्यांनी अमेरिकेला खुल्या असलेल्या छावण्या पाचाच्या नऊ केल्या. नव्यांपैकी तीन उत्तर लुझॉनमध्ये, तैवानच्या दिशेला तोंड करून. तिथल्या कागायान प्रांताच्या तत्कालीन गव्हर्नरनी उघड विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, युद्ध तैवानचे आणि पहिले क्षेपणास्त्र आमच्या विमानतळावर पडणार. हा मुद्दा १९९१ साली सालोंगांच्या बाजूचाही होताच: तळ हे संरक्षण असते तसे लक्ष्यही असते. आपल्या देशाचाही आता यात धागा आहे. २०२२ साली ठरलेल्या सौद्यानुसार ब्राह्मोस क्षेपणास्त्रे एप्रिल २०२४ मध्ये फिलिपिन्सला पोचली. कुलूप विकत घ्यायला तीस वर्षे लागली, असे म्हणू.

मी महाविद्यालयात शिकवत असताना तिसऱ्या वर्षाच्या वर्गात या सिनेटचा प्रयोग करत असे. तेवीस मुले निवडायची, प्रत्येकाला एक सिनेटर द्यायचा, पण मत ज्याचे त्याने द्यायचे. पहिल्यांदा केला १९९४ साली. तहाच्या बाजूने चार मते पडली. परदेशी फौज देशात ठेवायची ही कल्पनाच मुलांना सहन होईना. २०१३ साली स्कारबरोनंतर केला, तेव्हा बाजूने चौदा मते. वर्गात गलका झाला, मंजूर, मंजूर! मी सांगितले, सोळा लागतात, नामंजूर.

निवृत्तीपूर्वी शेवटचा प्रयोग केला तेव्हा कोराझॉन अक्विनो झालेली मुलगी रत्नागिरीकडची होती. तिचा मामा मालवाहू जहाजावर होता आणि त्याच्याबरोबरचे निम्मे खलाशी फिलिपिनो. त्यांच्यापैकी एकाचे घर झांबालेसमध्ये, भाऊ मासेमारी करणारा. स्कारबरोला आता जाता येत नाही, चिनी जहाजे पाण्याचे फवारे मारतात, म्हणून तो किनाऱ्याजवळच जाळे टाकतो आणि मासळी मिळत नाही. मामाने हे तिला सांगितले होते. मोर्चा काढायची भूमिका तिच्याकडे होती, भाषणही तिने जोरात केले. मतदानाची चिठ्ठी मात्र तिने बराच वेळ हातात धरून ठेवली. शेवटी ती कोरीच टाकली आणि जाताना मला म्हणाली, “सर, त्या भावाला विचारलं असतं तर त्यानं काय लिहिलं असतं?”